आठ पैशांचा फरक

सोमवार, ३ नोव्हेंबर २०२५, नांदेड

छत्तीस वर्षं सबस्टेशनला ऑपरेटर होतो. दर तासाला लॉगबुक लिहायचं. व्होल्टेज, अँपिअर, शेवटी शेरा. बहुतेक तासांचा शेरा 'सर्व ठीक'. निवृत्त होऊन दीड वर्ष झालं तरी हाताची खाज जात नाही, म्हणून ही वही. बायकोनं, उज्वलानं, किराणा लिहायला आणली होती. आठ पानं तिनं वापरली आणि जूनमध्ये ती गेली. उरलेली पानं वाया घालवणं माझ्या स्वभावात नाही.

आजची स्थिती. घरात दोघं. मी, वय एकोणसाठ. थोरली शिवकन्या, वय एकतीस, बुद्धीनं पाच वर्षांची. सकाळ-संध्याकाळ फिटच्या गोळ्या. बोलणं थोडं, ऐकणं तीक्ष्ण. कापसाच्या वाती वळते, एकसारख्या. धाकटी ऋतुजा, अठ्ठावीस, लातूरला बँकेत.

प्रश्न एकच आहे. माझ्यामागं शिवकन्याचं काय? ती अजून तीस-पस्तीस वर्षं जगेल, मी नाही. इतके दिवस हा प्रश्न उज्वला बघत होती, म्हणजे मी बघत नव्हतो. आता चाळीस लाखांची मुदत ठेव सुटतेय. ती नीट गुंतवली तर तिचं व्याज तिला पोसेल. कुणाच्या उपकाराची गरज नाही.

नोकरीनं मला दोन नियम दिले. वाचल्याशिवाय सही करायची नाही. आणि पुढच्या पाळीचा माणूस, रिलीव्हर, येऊन लॉगबुकात सही केल्याशिवाय स्टेशन सोडायचं नाही. शिवकन्याच्या बाबतीत रिलीव्हर कुणी नाही, म्हणून पैशालाच उभं करायचं.

गुरुवार, ६ नोव्हेंबर

भागवत आला होता. मूळचा नायगावचा, आधी विमा विकायचा, आता रोखेही विकतो. पोरगा बरा आहे, फक्त प्रत्येक वाक्यात दोनदा 'काका' म्हणतो. त्यानं टेबलावर दोन कागद ठेवले. एका मोठ्या सरकारी वीज कंपनीचे दोन रोखे. एक साधा, शंभराला सात रुपये वीस पैसे. दुसरा हरित, सात रुपये बारा पैसे. मुदत दोन्हींची दहा वर्षं.

मी विचारलं, "कंपनी एक, मुदत एक. मग आठ पैसे कमी कामून?"

"काका, साध्या रोख्याचा पैसा कंपनी कुठंबी लावील. कोळसा घेईल, जुनं देणं फेडील. हरित रोख्याचा पैसा फक्त सौर, पवन असल्या कामाला. तसं बांधून घेतलेलं असतंय काका. दरवर्षी कुठं लावला ते छापावं लागतंय. असला कागद मागणारे लई हायेत, म्हणून भाव चढतो अन् व्याज जरा उतरतं."

चाळीस लाखांवर आठ पैसे म्हणजे वर्षाला बत्तीसशे रुपये. शिवकन्याच्या जवळजवळ तीन महिन्यांच्या गोळ्या. सूर्यावर उपकार म्हणून मी पोरीच्या गोळ्या सोडायच्या? नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा. भागवतला चहा पाजून पाठवलं.

रविवार, ९ नोव्हेंबर

ऋतुजा आली होती. तिला दोन्ही कागद दाखवले. ती म्हणाली हरित घ्या. वाटलंच होतं. हल्लीच्या पोरांना सगळं हिरवंच पाहिजे.

"बत्तीसशे रुपये तू भरणार का?"

"भरीन की. अप्पा, तुम्ही दहा वर्षांसाठी पैसे देऊन राहिले. त्यातून जे उभं राहील त्यातच शिवक्काला राहायचंय. तुम्ही अन् मी नसलो तरी. लातूरला रेल्वेनं पाणी आणलं होतं, आठवतं का? पैसा कुठं लागतो ते बघायला नको?"

मी म्हटलं, रोखा हा रोखा असतो, कीर्तन नाही. तिनं दोन्ही कागद घडी घालून परत दिले. वाद सोडून दिला की अगदी आईसारखी दिसते.

जाताना तिनं विचारलं, "अप्पा, तुमच्या फायलीत आईनं एक कागद ठेवला होता. वाचला का?" माझी 'वाचायचं' असं लिहिलेली एक फाईल आहे. उज्वला काहीबाही आणून सही मागायची आणि मी ते त्या फाईलीत घालायचो. विम्याचं काहीतरी असेल. म्हटलं, वाचतो. तिनं मान हलवली आणि शिवकन्याची वेणी घालायला गेली.

आणखी एक. ऋतुजाच्या उदगीरच्या स्थळाचंही फिसकटलं. मुलगा शिवकुमार, सिंचन खात्यात, घरचं दुकान. त्याच्याकडून होकार होता. हिनं त्याला हॉटेलात भेटून काहीतरी विचारलं आणि मग त्याचा फोनच लागेना. मध्यस्थ रेवणप्पा म्हणाले, "मुलीची एकच अट हाय म्हणं, पण ती कुणालाच झेपंना." कसली अट, ते त्यांनाही सांगता येईना. हे तिसरं स्थळ. पगार चांगला झाला की पोरी नखरे करतात. वाईट वाटलं.

शुक्रवार, २१ नोव्हेंबर

शिवकन्याला पहाटे फिट आली. दोन मिनिटं. नंतर झोपली. बाकी सर्व ठीक.

मंगळवार, २५ नोव्हेंबर

विचार करून ठरवलं. आपल्याकडं पोरगी द्यायच्या आधी त्यांचं घर बघतात, विहिरीला पाणी आहे का बघतात, गोठ्यात डोकावतात. चाळीस लाख द्यायच्या आधी मी का बघू नये? भागवतला फोन केला. हरित रोख्याचा पैसा जिथं लागलाय असं एखादं ठिकाण सांग.

"काका, असं कुणी बघायला जात नसतंय."

"मी जातो."

त्यानं यादी शोधून सांगितलं. जवळचं ठिकाण किल्लारीकडच्या माळावर, सौर प्रकल्प. किल्लारीचं नाव ऐकून फोन टेबलावर ठेवला. तो हॅलो हॅलो करत राहिला.

शनिवार, २९ नोव्हेंबर, लातूर

शिवकन्याला घेऊन एस.टी.नं लातूरला आलो. तिला ठेवायचं कुणाकडं? खिडकीची जागा दिली की ती शांत असते.

ऋतुजाचा नवा फ्लॅट पहिल्यांदा पाहिला. घेतला त्याला सात महिने झाले, पण उज्वलाच्या आजारपणात येणं झालं नाही. माझी मतं तिला सांगितली, इथंही लिहितो. एक, तळमजला. वरचा मजला त्याच भावात मिळत होता, हवा, उजेड, मच्छर कमी. ही म्हणते मला जिने आवडत नाहीत. वय अठ्ठावीस. दोन, न्हाणीघरात भिंतीला स्टीलच्या दांड्या बसवल्यात, म्हाताऱ्या माणसाला लावतात तशा. तीन, एकटी राहणाऱ्या बाईनं झोपायच्या खोलीत दोन पलंग कशाला घ्यावेत? त्यातल्या एकाला कडेला लाकडी कठडा. म्हणे दुकानदारानं स्वस्तात दिला. पैसा उधळायची सवय मुळीच आमच्या घराण्यातली नाही.

शिवकन्या मात्र त्या कठड्याच्या पलंगावर न सांगता जाऊन झोपली. एरवी नव्या जागी तिला झोपवताना नाकी नऊ येतात.

रविवार, ३० नोव्हेंबर, लातूर

किल्लारीला जीपनं गेलो. बत्तीस वर्षांनी.

त्या वर्षी मी औशाच्या सबस्टेशनला होतो. भूकंपाच्या पहाटे गावांकडं जाणाऱ्या लाइनी, फीडर, एकामागून एक बंद पडल्या. मला वाटलं लाइनवर झाड पडलंय. आठला ड्यूटी संपत होती. माझा रिलीव्हर संगप्पा, किल्लारीचा, सायकलवर यायचा, पाच मिनिटं आधी. तो आला नाही. दोन दिवस दुसरं कुणी आलं नाही. मी खुर्ची सोडली नाही. लॉगबुकात दर आठ तासांनी लिहीत राहिलो, 'रिलीव्हर आला नाही'. त्याच्या घराच्या भिंती दोन हात रुंद दगडाच्या होत्या. गावात सगळ्यांत भक्कम घर, असं तो सांगायचा. त्यानंतर मी कुणाच्या भक्कमपणावर डोळे मिटून विश्वास ठेवला नाही. पुढच्या वर्षी शिवकन्या जन्मली.

प्रकल्प गावापासून लांब, खडकाळ माळावर. काचेच्या पाट्यांच्या रांगा, मध्ये गवत, गवतात मेंढरं. राखणदार बजरंग नावाचा, चाळिशीचा. आधी आत सोडेना. मी जुनं ओळखपत्र दाखवलं, शिवकन्यानं त्याला एक वात दिली, मग सोडलं.

"काय बघायचं हाय साहेब? समदं हितंच तर हाय."

मी ट्रान्सफॉर्मरजवळ गेलो. तीन होते. ऑपरेटर माणूस मीटर नंतर बघतो, आधी कान देतो. मी कान देतोय तोवर शिवकन्या तिसऱ्यापुढं उभी राहिली आणि म्हणाली, "हा झोपला." लहान असताना तिला मी सबस्टेशनला न्यायचो, तेव्हा 'जागा' आणि 'झोपला' हे दोन शब्द शिकवले होते. बरोबर होतं. दोन गुणगुणत होते, तिसरा मुका.

"त्येला अजून लाइन मिळाली न्हाई," बजरंग म्हणाला. "खांबं कमी पडल्याती. आठ महिनं झाले. त्या बाजूच्या पाट्या नुसत्याच ऊन खाऊन राहिल्यात."

म्हणजे एक तृतीयांश प्रकल्प बंद. मनातून बरं वाटलं. परतताना शिवकन्याला रसवंतीवर रस पाजला. ऋतुजाला सांगितलं, तुझा हरित रोखा झोपलाय. ती हसली. म्हणाली, "शिवक्कानं ओळखलं ना? मग तिला नेलं ते बरं केलं."

मंगळवार, २ डिसेंबर, नांदेड

भागवतला बोलावून सुनावलं. त्यानं शांतपणे ऐकलं.

"काका, तुमचं बघणं बरोबर हाय, पण निकाल चुकला. तुमचं व्याज त्या माळावरून येणारच न्हाई. ते कंपनी देणार, तिच्या सगळ्या कमाईतून. तो प्रकल्प पुरा झोपला तरी तुमचे सात रुपये बारा पैसे येणार. अन् उद्या कंपनीच बसली, तर प्रकल्प कितीबी चालू दे, दोन्ही रोखे बुडाले. पैसा कुठं जातो ते रंग सांगतो. परत कोण देणार, ते सही सांगते. खाली सही कुणाची हाय, ते बघायचं काका."

छत्तीस वर्षं विजेचं काम केलं, हे लक्षात यायला हवं होतं. घरातला दिवा कुठल्या केंद्राच्या विजेवर लागतो ते कुणी सांगू शकत नाही. सगळं एकाच तारेत. मी जावयाचं घर बघायला गेलो आणि नुसती विहीर बघून आलो.

मग विचारलं, "बरं, साध्या रोख्याचा पैसा कुठं लागलाय? तेही बघतो."

"ते कुठं छापलेलं नसतं काका. सर्वसाधारण कामकाजासाठी, एवढंच लिहितात."

"म्हणजे बघायला जायचं म्हटलं तर?"

"जायला जागाच न्हाई."

हे मला आवडलं नाही. झोपलेला ट्रान्सफॉर्मर निदान दिसला तरी.

गुरुवार, ११ डिसेंबर

कंपनीला रजिस्टर पत्र टाकलं. 'आपल्या हरित रोख्यांच्या पैशातून उभ्या राहिलेल्या प्रकल्पातील तीनपैकी एक ट्रान्सफॉर्मर बंद आहे. कारण आणि मुदत कळवावी. मी अद्याप गुंतवणूकदार नाही, उत्तरावर ठरवीन.' ऋतुजाला फोनवर वाचून दाखवलं. बराच वेळ हसली. तिचं असं मोकळं हसू जूननंतर पहिल्यांदा ऐकलं.

बुधवार, ७ जानेवारी २०२६

उत्तर आलं. अपेक्षा नव्हती. दोन ओळींचं पत्र आणि सोबत वर्षाचा छापील अहवाल. पान एकोणीसवर किल्लारीकडचा प्रकल्प आहे. लिहिलंय, तिसरा टप्पा पारेषण वाहिनीअभावी प्रलंबित, मार्चपर्यंत पूर्ण. दडवलेलं नाही. मार्चला जाऊन बघणार.

ठरवलं. हरित घेतो. सूर्यासाठी नाही. आठ पैसे देऊन मला विचारायचा हक्क मिळतोय, आणि जाऊन बघायला एक पत्ता. माझ्यामागंही कुणीतरी पत्र टाकून विचारू शकेल. साध्या रोख्याला काय विचारणार? तरी सगळी अंडी एका टोपलीत नकोत, म्हणून तीस हरित आणि दहा पोस्टात. ऋतुजाला कळवलं. तिनं एवढंच विचारलं, "मार्चला शिवक्काला नेणार ना?"

शनिवार, १० जानेवारी

भागवत फॉर्म घेऊन आला. मी चष्मा लावून चौदा पानं वाचली. तो मधल्या वेळात झोपला. रोखे माझ्या नावावर, वारस म्हणून शिवकन्याचं नाव. मग तो अडखळत म्हणाला, "काका, वाईट वाटून घेऊ नका. तुमच्यामागं व्याज येत राहील. पण शिवकन्याताईला सही करता येत न्हाई. बँकेतून पैसे काढायचे कुणी? गोळ्या आणायच्या कुणी? त्यांना कायदेशीर पालक लागतो. त्या कागदाखाली सही कुणाची?"

त्याचंच वाक्य त्यानं मला परत दिलं. दोन महिने मी सात वीस आणि सात बारा करत बसलो होतो. त्याला म्हटलं, सोमवारी बघतो. जेवण गेलं नाही. शिवकन्यानं माझ्या ताटातली पोळी खाल्ली.

सोमवार, १२ जानेवारी

जिल्हाधिकारी कार्यालयात गेलो. पालक नेमणारी समिती तिथं असते. टेबलावर धम्मानंद नावाचे कारकून, सज्जन माणूस. शिवकन्याचं नाव सांगितलं तर त्यांनी रजिस्टर उघडलं आणि बोट ठेवलं.

"हा अर्ज तर चालू हाय तुमचा. दीड वर्ष झालं. मंजुरीला जाणार होता, वडिलांची संमती बाकी म्हणून अडकला. संमतीचा कागद तुमच्या मिसेसना दिला होता, त्यांनी आणलाच न्हाई."

"अर्ज कुणाचा?"

त्यांनी रजिस्टर माझ्याकडं फिरवलं.

कुणाचं नाव होतं ते कागद वाचल्याशिवाय लिहीत नाही. घरी आलो, 'वाचायचं' फाईल काढली. वरून चौथा कागद.

मंगळवार, १३ जानेवारी

कागद सकाळी वाचला. एकच पान आहे, पाठपोट. वाचायला सहा मिनिटं लागली. दीड वर्ष फाईलीत होता. काखेत कळसा अन् गावाला वळसा, असं उज्वला मला नेहमी म्हणायची. मी चिडायचो.

आईची संमती: उज्वलाची सही, ती आजारी पडायच्या आधीची. पालक म्हणून जबाबदारी स्वीकारणार: ऋतुजा गुरुपादप्पा, सही, तारीख १७ जुलै २०२४. 'अर्जदार सदर व्यक्तीच्या निवासाची काय सोय करणार आहे' असा रकाना आहे. त्यात ऋतुजाच्या अक्षरात: 'लातूर येथे तळमजल्यावर घर घेणार आहे. आम्ही दोघी एकत्र राहू. लग्न झाले तरी यात बदल होणार नाही.' खाली वडिलांची सही, रिकामी.

रेवणप्पांना न कळलेली अट ही होती. तीन पोरांना तिनं हॉटेलात बसवून हेच विचारलं असणार. मी वहीत नखरे लिहिलं. ते खोडत नाही. लॉगबुकात खाडाखोड चालत नाही.

मला लाज वाटली. उज्वला होती तोवर सही झाली असती तर ती निवांत गेली असती. शेवटच्या आठवड्यात दवाखान्यात तिनं विचारलं होतं, "त्यो कागद?" मी म्हटलं होतं, वाचतो. हे मला आता आयुष्यभर पुरणार आहे.

रिलीव्हर दीड वर्षापूर्वी येऊन सही करून उभी आहे. आणि मी आतून रोज लिहीत होतो, रिलीव्हर आला नाही.

बुधवार, १४ जानेवारी, संक्रांत

सकाळी साडेअकराला कागदावर सही केली. धम्मानंदांच्या कार्यालयात परवा नेऊन देणार. भागवतच्या फॉर्मवरही सही केली.

ऋतुजा दुपारी आली. तिळगूळ दिला. मी कागद तिच्यापुढं ठेवला. ती सहीकडं बघत बसली. मग म्हणाली, "वाचला?"

"वाचला. दोनदा."

"मला वाटलं तुम्हाला पटलं न्हाई. म्हणून परत विचारलं न्हाई."

मला बरंच बोलायचं होतं. आईबद्दल, त्या तीन मुलांबद्दल. बोललो ते असं, की न्हाणीघरातली दांडी चार बोटं खाली हवी, शिवकन्याचा हात तिथं पोचत नाही. आणि तळमजला आहे तर सगळ्या खिडक्यांना मच्छरांची जाळी लागेल. जाळीचे पैसे मी देणार.

"किती लागतील?" तिनं विचारलं. डोळे पुसत होती.

मी टेप घेऊन रविवारी येतो म्हटलं. खिडक्या मोजल्याशिवाय मी आकडा सांगत नाही.

शिवकन्या आमच्या दोघांच्या मध्ये बसून वाती वळत होती. सर्व ठीक.